टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत: जुन्या बोटीची पेट्रोल लाइन बदलताना

आमची 'सातेरी' सोळा फुटी, फायबरची, बाबांच्या काळातली. मागे बाहेरून टांगलेलं चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आणि फळीखाली साठ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर ती पाण्यात घातली, तर कर्ली नदीच्या मुखापर्यंतसुद्धा पोचेना. भाचा म्हणाला, "मामा, इंजिन सुरू होता, पण जोर धरणा नाय."

मी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, आणि शहाणा असल्यासारखा घरी आलो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा कुठे जे आधी करायला हवं होतं ते केलं: इंजिनाकडची नळी काढून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडली आणि पेट्रोल ओढायचा नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबला. दहा मिनिटांनी बरणीत दोन थर. वर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ पाणी, आणि त्यात पांढरी भुकटी.

तुमच्या बरणीत असं दिसलं तर समजा, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल पितं, आणि पिऊन तट्ट झालं की पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं. टाकीतल्या ओढनळीचं तोंडही तिथंच. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातंय, हिरवट चिकटा म्हणजे पितळ.

काम उघड्यावर, सावलीत करा. बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून राहते. सगळ्या फळ्या उघडा, बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग बॅटरीच खाली उतरवा. विडी ओढणाऱ्या मित्रांना त्या दिवशी बोलावू नका. टाकी हातपंपाने रिकामी करा, तोंडाने ओढू नका. निघालेलं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. खाडीत ओतलंत तर शेजारचे मासेवाले तुम्हाला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

आमची टाकी उचलली तेव्हा खरा चोर सापडला. खडखडू नये म्हणून बाबांनी तिच्याखाली गोणपाट घातला होता. त्या गोणपाटाने वर्षानुवर्षं खारं पाणी धरून ठेवलं, आणि टाकीच्या बुडाला आंबोळीसारखी जाळी पडली. वरून टाकी नवीकोरी वाटत होती. म्हणजे ती आतून इथेनॉलने आणि बाहेरून गोणपाटाने, अशी दोन्हीकडून खाल्ली गेली.

एक वेल्डर म्हणाला, ठिगळ मारून देतो. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करू देऊ नका, ती कितीही धुतली तरी. नवीच करा. मी ५०५२ ग्रेडच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या, तीन मिलिमीटर पत्र्याची करून घेतली. बसवण्यापूर्वी गळती तपासायची. सगळी तोंडं बंद करून तीन पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. टायरच्या गेजवर तीन पीएसआय धड दिसत नाही, म्हणून मी पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून नारळाच्या झाडाला बांधली, पाणी भरलं आणि तिचं एक टोक टाकीला जोडलं. दोन बाजूंच्या पाण्यात दोन मीटर दहा सेंटीमीटरचा फरक आला की तीन पीएसआय. पंप हळू मारा. जास्त हवा भरलीत तर टाकी फुगते.

टाकीखाली आता कडक प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, मध्ये फटी ठेवून, म्हणजे पाणी वाहून जातं आणि वारा लागतो. पितळी जोड थेट ॲल्युमिनियममध्ये पिळू नका. खारं पाणी लागलं की दोन धातूंत ॲल्युमिनियमच झिजतं. मध्ये स्टेनलेसचा जोड घ्या.

आता नळ्या. जुनी नळी वाकवून बघा, बाहेर भेगा दिसतील. उभी चिरलीत तर आत काळी चुरी हाताला लागते. तीच जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पितळी बारीक भोकात, जाऊन बसते. नव्या नळीवर आयएसओ ७८४० (बोटीच्या आगरोधक पेट्रोल नळीचं मानक) छापलेलं असायला हवं. बागेची किंवा मोटारसायकलची नळी फुकट मिळाली तरी नको. होज क्लिप घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. दुकानदार "स्टेनलेस" म्हणतो, पट्टी स्टेनलेस असतेही, पण स्क्रूला चुंबक खटकन चिकटतो. तो स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो. मी सातपैकी चार परत केल्या. भरायच्या जाड नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा, आणि भरण्याच्या धातूच्या तोंडापासून टाकीपर्यंत व तिथून इंजिनाच्या निगेटिव्हपर्यंत अर्थिंगची वायर. ती राहिली तर भरताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

टाकीची हवेची नळी आणि झाकण ही दोन ठिकाणं लोक विसरतात. आमच्या झाकणाची रबरी रिंग चपटी होऊन चिरली होती. पावसाळ्यात पाणी तिथूनच टाकीत उतरत होतं. रिंग स्वस्तातली, पण तीच विसरली असती तर नवी टाकीही तशीच गेली असती. हवेची नळी वर उंच वळसा देऊन मग बाहेर काढा.

फिल्टर दहा मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा. त्याच्या रिंगला तेलाचं बोट फिरवून हातानेच आवळा, पाना नको.

कार्बोरेटर शेवटी. उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, आणि एरवी फोन बोटीपासून लांब ठेवा. जेट तारेने कोचू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. मी तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, वापरतो. हव्या त्या जाडीचा आमच्याकडे घरोघरी सापडतो. गॅस्केट, फ्लोटची सुई, पेट्रोल पंपाचा पडदा हे किटमधलं सगळं नवं घाला. ज्यांचं इंजिन बोटीच्या पोटात आहे त्यांनी गाडीचा कार्बोरेटर किंवा पंप बसवू नये. ओव्हरफ्लो झाला तर गाडीचा कार्बोरेटर पेट्रोल बाहेर सोडतो, आणि ते तळात साचतं.

पहिलं स्टार्टिंग गोड्या पाण्याच्या पिंपात घ्या. तासभर चालवून थांबवा, आणि प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावून हुंगा. आमच्या एका क्लिपला वास आला, अर्धा फेरा आवळली.

मेअखेरीस बोट वर ओढतो तेव्हा आता टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून ठेवतो. आणि गोणपाट? भाच्याने तो आंब्याच्या पेट्यांखाली घातला.