कण्याच्या ऑपरेशननंतर: न्हाणी, स्कूटर आणि चवथ

माझ्या कमरेचा चौथा मणका पाचव्यावर सरकला होता. डॉक्टरांनी चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून ते दोन्ही जखडून टाकले. याला फ्यूजन म्हणतात. मी गोव्यात फोंडा महालात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, घरामागे थोडं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे. आता पुन्हा स्कूटर चालवते, वर्गात उभी राहते, कुळागरात फेरी मारते. आमच्या भागात कुणाचं पाठीचं ऑपरेशन ठरलं की घरची माणसं माझ्याकडे विचारायला येतात. त्यांना जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ज्यांच्या मणक्यांमधल्या चकतीचा सुटलेला तुकडा तेवढा काढला, ते बहुतेक लवकर उठतात आणि बैठं काम काही आठवड्यांत सुरू करतात. फ्यूजनमध्ये स्क्रू लगेच धरून ठेवतात, पण हाडाला हाड जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, कधी वर्षही. त्यामुळे शेजारीण पाचव्या आठवड्यात बाजाराला गेली म्हणून तुम्ही निघायचं नाही. तुमचं वेळापत्रक तुमचे सर्जन ठरवतील. त्या वेळापत्रकाच्या आत रोज किती पुढे जायचं, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं आणि त्याला माझ्या मते एकच कसोटी आहे: दुसऱ्या दिवशीची सकाळ.

काम करताना पाठ फारसं काही बोलत नाही. अंग गरम असतं, गोळीचा अंमल असतो, उठून फिरायला मिळाल्याचा हुरूप असतो. खरा हिशोब सकाळी लागतो. काल चाललात आणि आज नेहमीइतकंच दुखतंय, तर तेवढंच आणखी दोन दिवस चाला, मग थोडं वाढवा. आज जास्त दुखतंय, तर अर्ध्यावर या. बंद करू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा. चालणं आणि स्वयंपाक एकाच आठवड्यात वाढवलंत तर पाठ कशामुळे कुरकुरतेय ते कळणारच नाही.

वाकणं, उचलणं, पिळवटणं ही तीन कामं सुरुवातीला बंद, हे प्रत्येक डॉक्टर सांगतात. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या घरांत ही तिन्ही कामं कुठे कुठे लपलेली असतात ते घरी आल्यावर कळतं, म्हणून ऑपरेशनच्या आधीच घर फिरून बघा. न्हाणीपासून सुरुवात करा. खाली ठेवलेल्या बालदीतून तांब्याने पाणी घ्यायचं म्हणजे दर तांब्याला एक वाकणं. बालदी स्टुलावर ठेवा, शेजारी हातांची प्लास्टिकची खुर्ची, पायाखाली न घसरणारी चटई. भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं, ऊन पाणी दुसऱ्याने काढून द्यायचं. दहा लिटरची भरलेली बालदी दहा किलोंच्या वर जाते, आणि पहिले काही आठवडे दोन-तीन किलोंच्या पुढे उचलू नका असंच बहुतेकांना सांगतात. गॅस सिलिंडरचं तर नावच नको. त्यात नुसता गॅस १४.२ किलो असतो, टाकीचं वजन वेगळं.

कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड भाड्याने किंवा विकत आणा. उकिडवं बसणं जमणार नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोटही जड होतं, कुंथणं पाठीला सोसत नाही. भरपूर पाणी, पेज, भाजी, आणि तरीही जमलं नाही तर डॉक्टरांकडून औषध.

स्वयंपाकघरात रोजच्या वापराचं सगळं कमरेपासून छातीच्या उंचीत आणून ठेवा. आदोळीवर बसून नारळ खवणं विसरा. ओट्याला घट्ट बसणारी खवणी मिळते, ती आणा. आमच्या मांयनी, म्हणजे सासूबाईंनी, आधी नाक मुरडलं. आता त्यांची आदोळी माळ्यावर आहे.

अंथरुणातून उठायचं कसं, हे इस्पितळातून निघण्याआधी शिकून घ्या आणि घरच्यांनाही दाखवा, कारण माया म्हणून हात धरून ओढणारी माणसंच जास्त त्रास देतात. मला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. "टीचर, खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे, एक पुढे एक मागे नको," असं म्हणून तिने एक तळवा माझ्या खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवला. उताणं असताना दोन्ही गुडघे वाकवा. पोट किंचित आत घ्या. लाकडाचा ओंडका लोटावा तसं सगळं अंग एका कुशीवर जाऊ द्या. मग पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडता सोडता खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने रेटा द्या. पायांचं वजन खाली जातं तसं धड आपोआप वर येतं. बसल्यावर लगेच उभं राहू नका, डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपायचं असेल तेव्हा हेच उलट्या क्रमाने. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपलात तर गुडघ्यांखाली.

सुरुवातीचे आठवडे खरा व्यायाम म्हणजे चालणं. एकदम अर्धा तास नको. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, सपाट जागेवर. पावसात तर घरातच सोप्यापासून मागच्या दारापर्यंत. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर जून ते सप्टेंबर शेवाळ असतं, आणि घसरताना तोल सावरायला जो झटका बसतो तो पडण्याइतकाच वाईट. पाऊस नसेल तर देवळाचं प्रांगण उत्तम. मी म्हार्दोळला म्हालसेच्या देवळात जात होते: फरशी सपाट, बसायला जागा, सोबत मिळते. पणजीच्या लोकांना कांपालपासून मिरामारपर्यंतचा फूटपाथ आहे. किनाऱ्याची ओढ सगळ्यांना असते, पण रेती नंतर. कोरड्या रेतीत पाय रुततो, ओल्या रेतीला समुद्राकडे उतार असतो, म्हणजे एक पाय सतत खाली. खाऱ्या पाण्यात किंवा झरीवर उतरणं तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाहीच.

बसण्याचं उलट आहे, ते कमी करा. बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बांधीव बाकाला पाठ टेकायला धड जागा नसते. हात असलेली ताठ खुर्ची घ्या, वीस-तीस मिनिटांनी उठा. भेटायला आलेली माणसं तासभर बसली तरी तुम्ही उठायचं. त्यांना राग येत नाही. आला तर येऊ दे.

पायातली कळ बहुतेकांची आधी जाते, झिणझिण्या आणि बधिरपणा मागे रेंगाळतो, महिनोन्महिनेही. त्याला घाबरू नका. घाबरायचं कशाला ते लक्षात ठेवा: लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघांमध्ये बसण्याच्या जागी बधिर झालं, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ला फोन करून थेट इस्पितळ. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, यालाही त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली तर तेही १०८चंच काम. फ्यूजनवाल्यांनी दुकानातून स्वतःच्या मनाने वेदनाशामक आणू नये, काही गोळ्या हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. विडी, सिगरेट, तंबाखू तर नक्की येतात.

आता स्कूटर. गोव्यात स्कूटरशिवाय बाईमाणसाचं पान हलत नाही, म्हणून सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. चालवायला सुरुवात सर्जनच्या परवानगीनंतर, आणि झोप आणणाऱ्या गोळ्या सुटल्यावर. पण मागे बसणं सुरक्षित, हा समज काढून टाका. मागे बसणाऱ्याला खड्डा आधी दिसत नाही, अंग सावरायला वेळ मिळत नाही. साडीत एका बाजूला पाय टाकून बसलात तर कंबर सगळा वेळ पिळलेली. मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकलही त्याच कारणाने नको. पहिला प्रवास गाडीने, पुढच्या सीटवर: आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली की वळताना कंबर अडकत नाही. बसमध्ये मागची सीट सोडा, गचके तिथेच जास्त. स्कूटर हाती आली की मधल्या स्टँडवर ओढून लावणं बंद, साइड स्टँडच वापरा. पहिले दिवस वाड्यातल्या वाड्यात, गतिरोधक नसलेल्या रस्त्याने, आणि निकाल नेहमीप्रमाणे दुसऱ्या सकाळी.

शाळेत फळ्यापाशी उभी राहताना मी एक पाय ठोकळ्यावर ठेवते, मधून मधून बदलते. खाली पडलेला खडू मुलं उचलतात, त्यांना ती चढाओढच वाटते.

पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडूनच शिका. मोबाईलवर बघून करू नका. कुळागरात पोफळी खालच्या सुपाऱ्या वेचायला कंबरेतून न वाकता गुडघे आणि खुब्यातून कसं खाली जायचं, हेही मी तिलाच विचारलं. तपासणीला जाताना "जड काम करू का" असं मोघम विचारू नका. नारळांची पिशवी, पाण्याची कळशी, नातवाला उचलणं, अशी यादी घेऊन जा.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरात सगळ्यांना वाटतं की आता बरी झाली. पहिल्या वर्षी नेवऱ्या आणि पातोळ्या टेबलावर, उभं राहून किंवा खुर्चीत, आणि तेही तासाभराच्या वर नाही. गणपती आणणं-पोचवणं दुसऱ्यांकडे. आरतीला उभ्यानेच नमस्कार, देवाची तक्रार नसते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधायला शिडीवर चढून मान मागे टाकून हात वर धरावे लागतात, ते नकोच. खाली उभं राहून कांगलां, म्हणजे माटोळीची रानफळं, कुठे बांधायची ते सांगा. फुगडी आणि धालो (बायकांचा गाण्यावरचा नाच) सगळ्यात शेवटी, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसल्यावर, आणि धालो आधी. फुगडीबद्दल मी डॉक्टरांना प्रत्येक तपासणीत विचारते. अजून ते हसून पुढची तारीख देतात.