माव्याचं औषध खरंच लागू पडतं का? आपल्याच वाफ्यावर तपासा

'औषध मारलं, मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) गेला' यावरून काहीही ठरत नाही. जोराच्या पावसानेही मावा धुऊन जातो, तो खाणारे ढालकिडे वाढले तरी कमी होतो. म्हणून पालक असो, मेथी असो की लेट्यूस, तुलनेसाठी काही वाफ्यांवर नुसतं पाणी फवारायचं आणि तिथला मावा वाढू द्यायचा. जिवावर येतं, पण हे वाफे नसतील तर चाचणीच्या भानगडीत पडू नका.

औषध निवडताना लेबलवर त्या पिकाचं आणि माव्याचं नाव आहे ना, ते बघा. मात्रा लेबलवरचीच. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस, पाळता येणार नसेल, तर ती बाटली घेऊच नका. मेथी महिनाभरात काढणीला येते. प्रत्येक औषधाला आणि पाण्याला किमान तीन-तीन वाफे, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. मध्ये मोकळी जागा, औषध बदलताना पंप स्वच्छ धुतलेला.

खरी मेख मोजणीत आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी मोजा, नंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. कडेच्या ओळी सोडून वाफ्यातली पाच झाडं खुणा करून ठेवा आणि प्रत्येक वेळी तीच मोजा. 'आज बरीच दिसतात' म्हणून दुसरी झाडं निवडलीत की आकडे गेले. पान उलटूनच बघायचं; लेट्यूसचा गाभाही उलगडायचा.

पानावर पांढरी, पोकळ टरफलं दिसतात ती माव्याची कात. लोक तिलाच मेलेला मावा समजून खूश होतात! फुगलेला, तपकिरी, कडक मावा म्हणजे आत परजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. तोही जिवंतात धरू नका. शंका आली तर बारीक ब्रशने टोचा. पाय हलले तर जिवंत. आणि आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणाऱ्या) औषधाचा निकाल दुसऱ्याच सकाळी लावू नका, त्याला वेळ लागतो.

आता हिशेब. समजा औषधाच्या वाफ्यात ४० चे २० झाले. निम्मा मावा गेला? थांबा. पाण्याच्या वाफ्यातही ४० चे २४ झाले असतील, तर तेवढे औषधाविनाही उरले असते. २४ ऐवजी २० उरले, म्हणजे औषधाची कामगिरी जेमतेम १७ टक्के. सुरुवातीचे आकडे सारखे नसतील तर हेंडरसन-टिल्टन सूत्र वापरा: औषधाच्या वाफ्यातला नंतरचा आकडा गुणिले पाण्याच्या वाफ्यातला आधीचा; या गुणाकाराला औषधाचा आधीचा गुणिले पाण्याचा नंतरचा, या गुणाकाराने भागा. उत्तर १ मधून वजा करून १०० ने गुणा.