उतारावर जिवंत बांध घालायचा असेल तर

उताराची शेती धुपायला लागली की लोक विचारतात, झाडं कोणती लावू? मी आधी विचारतो, जमीन कुणाची आणि छाटणी कोण करणार? जिवंत बांध म्हणजे उताराला आडव्या, समपातळीच्या रेषेवर लावलेल्या झाडांच्या दाट ओळी. त्याचा गुण यायला काही वर्षं जातात. वर्षाच्या बोलीवर कसणारा माणूस दुसऱ्याच्या रानात झाडं कशाला जपेल? तेव्हा कसण्याची मुदत आधी कागदावर आणा.

मग समपातळीची रेषा आखायला ए-चौकट, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची काठ्यांची चौकट. दोन मीटरच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, मधे आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड. चौकट टेकवा, दोरी आडव्या काठीला लागते तिथं खूण करा. आता चौकटीचा डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या जागी, आणि पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी करा. दोरी तिच्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. वाऱ्यात हे करू नका, दगड थांबतच नाही. असंच पाय फिरवत पुढं सरका आणि प्रत्येक पायाशी खुंटी ठोका. रेषा वळणं घेणार, तिला सरळ करायला जाऊ नका.

साधारण चार-पाच मीटरवर एक रेषा, चढ जास्त तर आणखी जवळ. रेषेवर अर्ध्या मीटरच्या अंतरानं गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, नत्र देणारं झाड) दोन दाट ओळी. सगळी भिस्त सुबाभळीवर नको. १९८५ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये सायलिड किडीनं ती झोडपून काढली होती.

झाडं छातीला लागायच्या आत गुडघ्याच्या थोडं वर छाटा, पाला पिकाच्या पट्ट्यात पसरा. छाटणी चुकली की सावली पीक दाबते. आणि छाटणी येते नेमकी पेरणी-खुरपणीच्या धांदलीत, खरी गोम इथं आहे. ही पद्धत १९७० च्या दशकात फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर बसवली गेली. त्याच बेटावरच्या क्लावेरियातल्या अनेक शेतकऱ्यांनी झाडांचा व्याप टाळला. समपातळीच्या रेषेवर अर्धा मीटर पट्टा न नांगरता सोडला, गवत आपोआप उगवलं. माती अडली, रोपांचा खर्च नाही. घरात हात कमी असतील तर मी हेच सांगतो. फक्त गवत गिरिपुष्पासारखं नत्र देत नाही, तेव्हा पिकाला खत वेगळं घालावं लागेल.