मुंबईत ह्युमिडॉर भेट द्यायचा असेल तर

सुरुवात फोनने करायची, पण ज्यांना भेट द्यायची त्यांना नाही, त्यांच्या घरच्यांना. काका अजून सिगार ओढतात, की डॉक्टरांनी दम भरल्यावर सोडली, हे काकूच खरं सांगतील. मुंबईत ह्युमिडॉर, म्हणजे सिगार सुकू नयेत आणि बुरसू नयेत म्हणून ठेवायची खास पेटी, घ्यायची वेळ बहुधा निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी येते, साठी गाठलेल्या मामांसाठी, नाहीतर जहाजावरून कायमचा उतरलेल्या मावसभावासाठी. यांतल्या कुणी सोडली असेल तर हा लेख इथेच मिटा आणि एक चांगलं पेन घ्या. धूर छातीत ओढत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिनेही होतो. सोडलेल्या माणसाच्या टेबलावर रिकामी पेटी नेऊन ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा बोलावणं धाडणं. आणि फक्त थर्टीफर्स्टला एखादी पेटवणाऱ्यालाही ह्युमिडॉर नको, तो सांभाळण्याचं काम त्याच्या गळ्यात पडेल.

काकूंनी होकार दिला तर त्याच फोनवर आणखी थोडं काढून घ्या. घरात एका वेळी साधारण किती सिगार असतात? आखूड जाड्या असतात की लांब? आणि पेटी ठेवणार कुठे? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण पुढची सगळी खरेदी त्यावरच ठरते. रात्रभर एसी चालणारी बेडरूम आणि खाडीकडे खिडक्या उघड्या ठेवणारा हॉल, या दोन वेगळ्या हवा आहेत.

ह्युमिडॉरचं काम एका ओळीचं आहे: आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर धरून ठेवणं. त्याखाली बराच काळ गेला की वरचं पान तडकतं, सिगार भरभर जळते आणि जीभ पोळते. आर्द्रता वर गेली की सिगार ओढायला जड होते, मध्येच विझते, आणि ७५ च्या पुढे बुरशीला आमंत्रण. परदेशी माहितीपत्रकांत ७० अंश फॅरनहाइट आणि ७० टक्के अशी जोडी छापलेली असते. ती थंड देशांतली आहे, जिथे हिवाळ्यात हीटर घरातली हवा सुकवतो आणि पेटीने आत ओलावा पुरवायचा असतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर मुक्काम ठोकते. तेव्हा पेटीचं काम उलटं होतं, बाहेरचा ओलावा अडवणं. हे ओळखायला वेधशाळा लागत नाही. मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे हवेतलं पाणी ओढायला लागतं. जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीची भोकं बुजली की समजायचं, बाहेरची हवा सिगारच्या मर्यादेपलीकडे गेली. मात्र त्याच घरातल्या एसीच्या खोलीत हवा पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि जानेवारीतल्या उत्तरेच्या वाऱ्यात दुपारी त्याहूनही खाली. म्हणून दोन्ही बाजूंनी हवा रोखणारी पेटी हवी. माझ्या मते पैसा झाकणावर घालवावा. पियानो पॉलिशची चकाकी शेवटी बघावी, उरलेच पैसे तर.

झाकण तपासायला दुकानात लाजू नका. मोबाईलचा टॉर्च लावून पेटीत ठेवा, झाकण बंद करा आणि दुकानदाराला दिवा घालवायला सांगा. कडेने उजेडाची रेघ दिसली की पेटी परत. दहाची नोट झाकणात अर्धी अडकवून हलकेच ओढा, चारही बाजूंना. कुठे ती अलगद सुटली तर तिथून हवाही सुटणार. मग झाकण दोन-तीन बोटं वरून सोडून द्या. चांगल्या पेटीचं झाकण धाडकन आपटत नाही. आत कोंडलेली हवा त्याला झेलते आणि ते हुस्स करत बसतं. बिजागऱ्या मागच्या बाजूला पूर्ण लांबीच्या किंवा चौकटीत खोदून बसवलेल्या असाव्यात. बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या बिजागऱ्या एका पावसाळ्यात लाकूड फुगलं की वाकड्या होतात. काचेचं झाकण दिसायला फार सुरेख, पण काच आणि लाकूड यांचा सांधा हीच गळतीची जागा, शिवाय आत उजेड. मी ते घेणार नाही.

लाकडाबाबत दुकानदार भरपूर बोलतील. आतलं अस्तर स्पॅनिश सीडरचं असावं, हा नियम खरा आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढणारं, महोगनीच्या कुळातलं हे झाड, आपल्याकडच्या तून वृक्षाचं जवळचं भावंड. ते ओलावा शोषतं, सावकाश परत देतं आणि त्याचा वास तंबाखूला मानवतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातला एखादा कारागीर सांगेल, ‘साहेब, देवदारात बनवून देतो, सीडरच आहे.’ देवदार खरा सीडर आहेच, पण त्याचं राळेचं तेल सिगारमध्ये उतरेल. बाहेरून सागवान, शिसम काहीही चालेल. आतून मात्र कोरं, पॉलिश न केलेलं लाकूड हवं. घेण्याआधी पेटीत नाक घाला. व्हार्निश, सरस किंवा नव्या एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) उग्र वास आला तर किंमत कितीही उतरो, घेऊ नका. चोर बाजारातल्या जुन्या पेट्यांचा मोह मलाही होतो. मटण स्ट्रीटवर पितळी कोपऱ्यांच्या एवढ्या देखण्या पेट्या मिळतात की माणूस हरखून जातो. पण ज्यात कुणी कधीकाळी डांबरगोळ्या ठेवल्या, तो वास लाकूड सोडत नाही. तिथून ॲशट्रे घ्या, ह्युमिडॉर नको.

आकाराचं गणित फसवं असतं. पेटीवर ‘५० सिगार’ लिहिलेलं असतं ते मध्यम सिगार ठासून भरल्या आणि ट्रे, दुभाजक काढून टाकले तरचं. प्रत्यक्षात दोन तृतीयांश धरा. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. सिगारच्या ठरलेल्या आकारांपैकी रोबुस्तो साधारण ५ इंच लांब आणि ५० गेज जाड, चर्चिल ७ इंच आणि ४७ गेज. म्हणजे काका चर्चिल ओढत असतील तर पेटीची आतली लांबी ७ इंचांहून थोडी जास्त हवी. टेप घेऊन जा, बाहेरचं माप बघून घेऊ नका. आणि उगाच अवाढव्य घेऊ नका. शंभराच्या पेटीत दहा सिगार ठेवल्या तर दर वेळी झाकण उघडलं की सगळी हवा बदलते आणि आर्द्रतेचा काटा नाचत राहतो. अधूनमधून ओढणाऱ्याला २५ ची पेटी पुरते, नियमित ओढणाऱ्याला ५० ते ७५ ची.

आता आतलं सामान. बऱ्याच भेटवस्तूछाप पेट्यांत झाकणाला चिकटवलेली काळी गोल डबी असते, तिच्यात फुलवाल्यांच्या फोमसारखा स्पंज. तो भिजवला की फक्त ओलावा देतो, परत घेत नाही. श्रावणात त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट त्रास. तो काढून टाका आणि दोन्ही दिशांना काम करणारी पाकिटं आणा. बोव्हेडा कंपनीची सहज मिळतात, त्यांच्यावर ६५, ६९, ७२ असे आर्द्रतेच्या टक्क्यांचे आकडे असतात. मुंबईच्या उकाड्यात मी ६५ चीच घेईन. दर २५ सिगारच्या जागेमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट असं माप आहे. एक जास्तीचा संच भेटीसोबत द्या, कारण कोरड्या दिवसांत पाकीट कडक होतं आणि पावसाळ्यात ओलावा पिऊन फुगतं. दोन्हींत ते बदलावं लागतं.

पेटीसोबत आलेल्या काटेवाल्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या घड्याळावर, भरवसा ठेवू नका, तो शोभेचा असतो. लॅमिंग्टन रोडवरून छोटा डिजिटल घ्या आणि घरी त्याची मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ भरून थोडं पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच, विरघळू द्यायचं नाही. ते आणि हायग्रोमीटर हवाबंद झिप पिशवीत एक दिवस ठेवायचं. आत बरोबर ७५ दिसायला हवं. ७१ दाखवत असेल तर हा गडी चार कमी सांगतो, तशी चिठ्ठी त्याच्या पाठीवर चिकटवा. दहाने चुकत असेल तर बदलून आणा.

नवी पेटी तशीच कागदात गुंडाळून देऊ नका. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा पिऊन टाकतं, म्हणून आधी लाकडाला पाणी पाजावं लागतं. सोपी रीत म्हणजे ८४ टक्क्यांची पाकिटं रिकाम्या पेटीत टाकून दोन आठवडे बंद ठेवायची. ती मिळाली नाहीत तर वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवून काही दिवस थांबायचं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आणि जंतू लाकडात बसतात. ओल्या फडक्याने अस्तर पुसण्याचा सल्ला मिळेल, तो सोडून द्या, फळ्या वाकतात. म्हणजे कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी पेटी हातात हवी. पावसाळ्यात घेतली असेल तर मात्र आधी हायग्रोमीटर आत ठेवून बघा. उघड्या गोदामात पडून राहिलेलं लाकूड कधी कधी इतकं ओलं असतं की त्याला पाजायचं नसून सुकवायचं असतं. तेव्हा एसीच्या खोलीत झाकण उघडं टाकून दोन-तीन दिवस राहू द्या.

उष्णतेचा भाग आपल्या शहरात सगळ्यात अवघड. तंबाखूचा भुंगेरा म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याहून मोठा नसलेला तपकिरी किडा. हळकुंडं आणि सुकी मिरची भोकं पाडून फस्त करतो तोच. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की फुटतात. मुंबईतली बिनएसीची खोली वर्षातले बहुतेक महिने त्याहून गरम असते. म्हणून पेटीची जागा बेडरूममधल्या आतल्या भिंतीशी, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, फ्रिजच्या वर नाही, माळ्यावर तर नाहीच. देवघराजवळही नको, उदबत्तीचा वास सिगार धरते. खबरदारी म्हणून नव्या सिगार दुहेरी झिप पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि मग एक दिवस खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, मगच बाहेर काढाव्यात. फ्रीझरमध्ये बोंबील असतील तर पिशव्या तिहेरी करा. सिगारच्या संग्रहावर ज्यांचा खरोखर मोठा खर्च होतो त्यांच्यासाठी तापमानही राखणारं, वाइन कूलरच्या धर्तीचं छोटं कपाट मिळतं. पण ती भेट एकट्याने द्यायची नाही, ऑफिसने वर्गणी काढून द्यायची.

नाव कोरून घ्यायचं असेल तर पितळी पट्टी झाकणाच्या बाहेर चिकटवून घ्या. स्क्रूची भोकं आरपार गेली तर घट्ट झाकणाची सगळी मेहनत वाया. मजकूर आखूड ठेवा. १९६१ मध्ये जॉन केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी त्यांना ह्युमिडॉर दिला होता. त्यावरच्या पट्टीत आरोग्याची आणि धूम्रपानाची शुभेच्छा शेजारी शेजारी होती, हा विनोद जाणूनबुजून होता की नाही देव जाणे. १९९६ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत ती पेटी ५,७४,५०० डॉलरला गेली. आपल्या मामांच्या पेटीला एवढी किंमत येणार नाही, पण तारीख आणि नाव एवढं पुरे.

आत सिगार घालून द्यायच्या का? दोन-चार घाला, पूर्ण भरू नका. प्रत्येकाची आवड वेगळी असते. भारतात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या खोक्यावर ८५ टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा असतो. तो नसलेला माल कुणी फोर्टच्या फुटपाथवर ‘ओरिजिनल क्यूबन’ म्हणून दाखवला तर पुढे चला. काचेच्या झाकणाचं कोहिबा या क्यूबन ब्रँडचं खोकं तर हमखास नकली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगत असाल तर करमुक्त मर्यादा २५ सिगारची किंवा १२५ ग्रॅम तंबाखूची आहे, तेवढंच सांगा.

पेटी नेताना लोकलच्या गर्दीची वेळ टाळा आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. अत्तर लावलेला रॅपिंग पेपर नको. आत एका कार्डावर चार गोष्टी लिहा: पाकीट कधी बदललं, हायग्रोमीटर किती चुकतो, नळाचं पाणी घालायचं नाही, आणि महिन्यातून एकदा तरी झाकण उघडून आतली हवा बदलायची. बिल मात्र त्या कार्डासोबत ठेवू नका, स्वतःकडे जपा. पहिल्या पावसात झाकण अडकायला लागलं तर दुकानात तुम्हालाच जावं लागेल.