रिक्वेस्ट कुठे अडली ते आधी बघा: रेल्समधले राउटिंग आणि कंट्रोलरचे एरर

पहिल्या नोकरीत रेल्सचं (रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कचं) चालू ॲप हातात आलं तेव्हा रुबीशी माझी ओळख जेमतेम तीन महिन्यांची होती. पहिलं काम अगदी छोटं होतं: वरच्या पट्टीत 'लॉग आउट'ची लिंक लावायची. लिंक लावली, दाबली, आणि एररचं पान आलं. 'नो राउट मॅचेस', पुढे चौकोनी कंसात 'गेट', मग लॉग आउटचा पत्ता. राउट्सची फाइल (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो याची यादी) उघडली तर राउट तिथे होता, स्पेलिंगही बरोबर होतं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच वाक्य. मग मी राउटचं नाव बदललं, कंट्रोलरचं (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासचं) नाव बदललं, दोन ओळी वर-खाली केल्या. संध्याकाळपर्यंत मूळ एररच्या जागी तीन नवे एरर उभे होते आणि मुळात काय बिघडलं होतं हेच मला आठवेना.

शेजारी बसणाऱ्या अनुभवी ताईंनी स्क्रीनकडे बघून एकच प्रश्न विचारला, "कंसातला शब्द वाचलास का?" कंसात 'गेट' होतं. माझा राउट मात्र 'डिलीट'साठी लिहिलेला होता. रेल्सच्या दृष्टीने राउट म्हणजे नुसता पत्ता नाही, पत्ता आणि क्रियापद ('गेट', 'डिलीट' असा रिक्वेस्टचा प्रकार) यांची जोडी आहे. त्या जोडीतलं एक जरी चुकलं तरी 'जुळणारा राउट नाही' हे उत्तर खरंच असतं.

मग 'डिलीट'चं 'गेट' झालं कुठे? ब्राउझरमधली साधी लिंक नेहमी गेट रिक्वेस्टच पाठवते. रेल्स ६ पर्यंतच्या ॲपमध्ये 'रेल्स यूजेएस' नावाची जावास्क्रिप्ट अशा लिंकवरची 'मेथड डिलीट' ही खूण ओळखायची आणि लिंकऐवजी फॉर्म पाठवायची. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्स ७ आलं, नव्या ॲपमध्ये तिची जागा टर्बो या जावास्क्रिप्ट लायब्ररीने घेतली आणि टर्बोला ती जुनी खूण कळत नाही. मी नमुना कोड घेतला होता रेल्स ६ चा, ॲप होतं ७ चं. उपाय दोन: लिंकवर 'डेटा'च्या आत 'टर्बो मेथड' लिहायची, किंवा सरळ 'बटन टू' वापरायचं. मी बटन पसंत करतो, कारण ते खरा फॉर्म बनवतं आणि जावास्क्रिप्ट बंद असली तरी चालतं.

तिसरी वाटही दिसते, राउटच 'गेट' करून टाकायचा. नवीन माणसाला तोच मोह आधी होतो. कृपया करू नका. गेट रिक्वेस्टने सर्व्हरवर काही बदलणार नाही असं ब्राउझर, सर्च इंजिनचे बॉट आणि खुद्द टर्बो धरून चालतात. टर्बो ८ मध्ये तर माउस लिंकवर क्षणभर थांबला तरी ते पान आधीच मागवलं जातं. म्हणजे तुमचा वापरकर्ता नुसता लिंकवरून जाईल आणि लॉग आउट होईल.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. एरर आला की कोडला हात लावण्याआधी रिक्वेस्ट कुठपर्यंत पोचली हे शोधायचं. तिचा प्रवास ठरलेला आहे: राउट सापडतो, मग कंट्रोलरचा क्लास, मग ॲक्शन (कंट्रोलरमधली मेथड), मग 'बिफोर ॲक्शन'चे कॉलबॅक (ॲक्शनच्या आधी चालणाऱ्या मेथड), मग ॲक्शनमधला कोड, मग टेम्प्लेट (पानाचा साचा). यातला कुठला टप्पा तुटला हे डेव्हलपमेंटचा लॉग जवळजवळ सांगूनच टाकतो. प्रत्येक रिक्वेस्टची पहिली ओळ 'स्टार्टेड'ने सुरू होते, त्यात क्रियापद आणि पत्ता असतो. दुसरी महत्त्वाची ओळ 'प्रोसेसिंग बाय', तिच्यात कंट्रोलर आणि ॲक्शनचं नाव असतं. 'स्टार्टेड' आहे पण 'प्रोसेसिंग बाय' नाही, तर संशयित तीनच: राउट, कंट्रोलरचं नाव, ॲक्शनचं नाव. 'प्रोसेसिंग बाय' दिसलं, तर पुढे लिहिलेलं नाव तुमच्या मनातलंच आहे का बघा. असेल तर राउट्सची फाइल बंद करा, तिचा दोष नाही.

'तुमच्या मनातलंच' हे मुद्दाम म्हटलं. समजा 'बुक्स' नावाचं रिसोर्स (एका ओळीत ठरलेले सगळे राउट बनवणारी घोषणा) आहे आणि त्याच्या खालच्या ओळीत तुम्ही 'बुक्स, तिरकी रेघ, सर्च' असा राउट लिहिला. पत्ता उघडल्यावर एरर येतो तो डेटाबेसचा: 'सर्च' हा आयडी असलेलं पुस्तक सापडलं नाही. मी हा एरर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मॉडेल आणि मायग्रेशन उकरत बसलो होतो. लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं, 'प्रोसेसिंग बाय बुक्सकंट्रोलर' आणि पुढे 'शो', म्हणजे एकच पुस्तक दाखवणारी ॲक्शन. सर्च नव्हे, शो. रेल्स राउट वरून खाली वाचतं आणि पहिला जुळेल तो घेतं. 'शो'च्या राउटला 'सर्च' हा शब्दही आयडीच वाटतो. दुरुस्तीसाठी तो राउट रिसोर्सच्या ब्लॉकमध्ये घ्या आणि 'ऑन कलेक्शन' लिहा. ब्लॉकमधले राउट रेल्स स्वतःच्या ठरलेल्या ॲक्शनच्या आधी नोंदवतं, त्यामुळे क्रमाची चिंता उरत नाही.

राउट्सची फाइल डोळ्यांनी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा रेल्सलाच विचारा. 'रेल्स राउट्स' ही कमांड पूर्ण तक्ता छापते. रेल्स ५ च्या आधी तेच काम 'रेक राउट्स' करायची, म्हणून जुन्या लेखांत ते नाव दिसेल. मोठ्या ॲपमध्ये तक्ता शेकडो ओळींचा होतो, तेव्हा पुढे 'डॅश सी' आणि कंट्रोलरचं नाव द्या, किंवा 'डॅश जी' आणि शोधायचा शब्द. एका रिसोर्सच्या ॲक्शन सात, पण तक्त्यात ओळी आठ दिसतात. रेल्स ४ पासून 'अपडेट'ला 'पॅच' आणि 'पुट' दोन्ही चालतात म्हणून. माझं सगळ्यात आवडतं हत्यार मात्र रेल्सच्या कन्सोलमध्ये आहे. 'रेल्स डॉट ॲप्लिकेशन डॉट राउट्स' वर 'रेकग्नाइझ पाथ' बोलवायचं, त्याला पत्ता आणि क्रियापद द्यायचं; ते कंट्रोलर, ॲक्शन आणि पॅरामीटर हातात ठेवतं. पत्त्यात टिंब आलं की काय होतं तेही तिथे करून बघा. रेल्स टिंबानंतरचा भाग फॉरमॅट समजतं, त्यामुळे 'व्ही १.२' सारख्या आयडीचे दोन तुकडे होतात. राउटवर कन्स्ट्रेंट (आयडीत काय चालेल याचा नियम) लावेपर्यंत हे थांबत नाही.

'नो राउट मॅचेस' या वाक्याची दोन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. शब्द तेच, कंस वेगळा. पुढे चौकोनी कंसात क्रियापद असेल, तर बाहेरून आलेल्या रिक्वेस्टला राउट मिळाला नाही. पुढे महिरपी कंसात कंट्रोलर, ॲक्शन, आयडी अशी यादी असेल आणि शेवटी 'मिसिंग रिक्वायर्ड कीज' असेल, तर रिक्वेस्ट व्यवस्थित आत पोचली आहे. तुमच्या टेम्प्लेटमध्ये एखादी लिंक बनवताना आयडी रिकामा निघाला. बहुतेक वेळा जी वस्तू लिंकचा पत्ता बनवणाऱ्या हेल्परला दिली ती निल (रिकामी) असते, किंवा अजून सेव्ह झालेली नसते. इथे राउट्स तपासण्यात अर्थ नाही, ती वस्तू कुठून आली ते शोधा.

'अनइनिशलाइज्ड कॉन्स्टंट' आणि पुढे कंट्रोलरचं नाव, हा एरर नावांच्या शिस्तीचा आहे. २०१९ मध्ये आलेल्या रेल्स ६ पासून झाइटवर्क हा कोड आपोआप लोड करणारा भाग फाइलच्या नावावरून क्लासचं नाव ठरवतं, म्हणून दोन्ही तंतोतंत जुळायला हवीत. ॲडमिनच्या नेमस्पेसमधला (नावांच्या गटातला) कंट्रोलर 'ॲडमिन' फोल्डरमध्येच असायला हवा आणि क्लासच्या नावातही 'ॲडमिन' यायला हवं. एकवचनी 'रिसोर्स प्रोफाइल' लिहिलंत तरी रेल्स अनेकवचनी 'प्रोफाइल्सकंट्रोलर'च शोधतं. इथे मी दोनदा अडकलो आहे. डिप्लॉय करण्यापूर्वी 'झाइटवर्क चेक' हा टास्क चालवा. मॅकची फाइल सिस्टिम सहसा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, लिनक्सची करते. म्हणून लॅपटॉपवर चालणारा कोड सर्व्हरवर पडतो.

आता ज्या एररने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला, त्याबद्दल. कंट्रोलरमध्ये नवी ॲक्शन लिहायची होती. फाइलच्या तळाशी गेलो, शेवटच्या 'एंड'च्या वर मेथड लिहिली, टेम्प्लेट बनवलं, राउट जोडला. पान उघडलं तर टेम्प्लेटमध्ये एरर: निलवर 'ईच' नावाची मेथड नाही. म्हणजे ॲक्शनमध्ये मी भरलेलं व्हेरिएबल रिकामं होतं. क्वेरी चुकली असेल म्हणून कन्सोलमध्ये चालवली, नीट उत्तर आलं. डेटाबेस पाहिला, नोंदी होत्या. लॉगमध्ये 'प्रोसेसिंग बाय'च्या पुढे कंट्रोलर बरोबर, ॲक्शनही बरोबर. शेवटी ॲक्शनच्या पहिल्या ओळीत 'पुट्स' टाकलं. टर्मिनलवर काहीच छापलं गेलं नाही. ॲक्शन चालतच नव्हती, आणि तरी तिचं टेम्प्लेट दिसत होतं.

कारण असं. फाइलमध्ये वर कुठेतरी 'प्रायव्हेट' हा शब्द होता आणि माझी मेथड त्याच्या खाली गेली होती. रेल्स फक्त पब्लिक मेथडला ॲक्शन मानतं. पब्लिक मेथड सापडली नाही की ते लगेच हार मानत नाही. त्या नावाचं टेम्प्लेट असेल तर ते थेट रेंडर करतं. काही पानांना कोडची गरजच नसते, त्यांच्यासाठी ही सोय आहे. टेम्प्लेट नसतं तर मला 'ॲक्शन नॉट फाउंड' असा स्पष्ट एरर मिळाला असता आणि मी पाच मिनिटांत मोकळा झालो असतो. टेम्प्लेट होतं म्हणून चूक एक टप्पा पुढे जाऊन उगवली. तेव्हापासून ॲक्शनमधलं व्हेरिएबल कारण नसताना निल दिसलं, की मी आधी ती ॲक्शन खरंच चालली का ते पाहतो. त्यासाठी पहिल्या ओळीत 'बाइंडिंग डॉट आयआरबी' लिहिलं की रिक्वेस्ट तिथे थांबते आणि टर्मिनलवर सगळी व्हेरिएबलं तपासता येतात. थांबलीच नाही, तर तेही उत्तरच आहे.

कॉलबॅकच्या बाबतीत रेल्स ७.१ ने चांगली मदत केली आहे. 'बिफोर ॲक्शन'ला 'ओन्ली' लावून ॲक्शनचं नाव चुकीचं लिहिलं, तर पूर्वी तो कॉलबॅक मुकाट्याने कधीच चालत नसे. लॉगिन तपासणारा कॉलबॅक असा गप्प राहिला तर काय होईल याचा विचार करा. ७.१ पासून नव्या ॲपमध्ये डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये तिथेच एरर येतो. जुनं ॲप अपग्रेड केलं असेल तर हे सेटिंग स्वतः चालू करा.

फॉर्म सेव्ह होतो पण एक रकाना रिकामा राहतो, तेव्हा लॉगमध्ये 'अनपरमिटेड पॅरामीटर' शोधा. परवानगीच्या यादीत नाव घालायचं राहिलेलं असतं. सगळंच परमिट करून टाकायची मेथडही आहे, पण तिच्यामुळे वापरकर्ता फॉर्ममध्ये नसलेला 'ॲडमिन' रकानाही पाठवू शकतो. 'डबल रेंडर' एररचं कारण जवळजवळ नेहमी एकच: 'रीडायरेक्ट टू' लिहिलं म्हणून ॲक्शन तिथे थांबत नाही, पुढच्या ओळी चालतात. सोबत 'रिटर्न' लिहा.

आणि एक प्रकार असा की एरर दिसतच नाही. फॉर्म भरला, बटन दाबलं, पान जसंच्या तसं. सर्व्हरच्या लॉगमध्ये 'कम्प्लिटेड २००' आणि सगळं ठीक. व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) फसल्यावर ॲक्शनने 'न्यू' पुन्हा रेंडर केलेलं असतं, पण स्टेटस २०० दिलेला असतो, आणि फॉर्मच्या उत्तरात टर्बोला एकतर रीडायरेक्ट हवा असतो किंवा ४२२ सारखा चूक दाखवणारा स्टेटस. तक्रार ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नोंदलेली असते, तिथे आपण बघत नाही. रेंडरच्या ओळीत ४२२ स्टेटस द्या, चुकांचे संदेश लगेच दिसू लागतात.

प्रॉडक्शनमध्ये यातलं काहीच पडद्यावर येत नाही. राउट नसला तरी ४०४, नोंद सापडली नाही तरी ४०४. वापरकर्त्याला पब्लिक फोल्डरमधलं तेच पान दिसतं. फरक फक्त लॉगमध्ये असतो. म्हणून तक्रार आली की मी आधी वेळ आणि पत्ता विचारतो, मग लॉगमध्ये तेवढा भाग शोधतो. तिथेही प्रश्न तोच, 'प्रोसेसिंग बाय' आहे की नाही.

तरीही अडलात तर मदत मागा, लवकर मागा. फक्त 'राउटिंग चालत नाही' असं लिहू नका. एररचं वाक्य कंसांसकट पूर्ण द्या, लॉगमधला 'स्टार्टेड'पासून 'कम्प्लिटेड'पर्यंतचा भाग द्या, पासवर्ड किंवा टोकन असतील तर ते काढून. त्या कंट्रोलरपुरता 'रेल्स राउट्स'चा तक्ता आणि रेल्सची आवृत्ती द्या. आता नव्या मुलामुलींना मी एवढंच गोळा करून आणायला सांगतो, आणि बरेच जण तक्ता चिकटवता चिकटवता स्वतःच म्हणतात, "थांबा, सापडलं."