मशीन व्हिजनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: लेन्सचा हिशोब

चाकण-भोसरीकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कॅमेऱ्याने तपासणी करणं आता नवं राहिलेलं नाही. डिप्लोमा किंवा बीई करून या कामात येणारी मुलं थेट पायथन आणि ओपनसीव्हीला (चित्रांवर काम करणारी प्रोग्रॅमिंग लायब्ररी) हात घालतात. पण फोटोत ओरखडा उतरलाच नसेल, तर प्रोग्रॅम तो आणणार कुठून? आधी लेन्स आणि लाइट शिका.

समजा, भाग 90 मिमी रुंद आहे. कन्व्हेयरवर तो थोडा इकडेतिकडे सरकतो, म्हणून 100 मिमी जागा टिपायची. कॅमेरा 2448 × 2048 पिक्सेलचा, एक पिक्सेल 3.45 मायक्रॉनचा, म्हणजे सेन्सर सुमारे 8.4 मिमी रुंद. एका पिक्सेलच्या वाट्याला भागावरचे 0.041 मिमी आले. दोष खात्रीने पकडायला किमान तीन पिक्सेल लागतात, म्हणजे 0.12 मिमी. ग्राहक 0.05 मिमीचा ओरखडा पकडून मागत असेल, तर ऑर्डर घेण्याआधीच नाही म्हणा किंवा कॅमेरे वाढवा. या मांडणीला 25 मिमी फोकल लेंग्थची लेन्स भागापासून साधारण 320 मिमीवर बसते. स्टँडला वर-खाली 30 मिमी वाव ठेवाच; कागदावरचं अंतर जागेवर तंतोतंत जुळत नाही.

माप घ्यायचं असेल तर साधी लेन्स फसवते, कारण जवळची वस्तू तिला मोठी दिसते. भाग 3 मिमीने वर उचलला गेला, तर 20 मिमीचं भोक जवळपास 0.2 मिमीने मोठं दिसतं. कारखान्यात यावर उपाय टेलिसेंट्रिक लेन्स; भाग थोडा वर-खाली झाला तरी तिच्यात आकार बदलत नाही. तिची पुढची काच टिपायच्या जागेपेक्षा मोठी असावी लागते, त्यामुळे 100 मिमीसाठी ती जड आणि महाग पडते. भोकापुरतीच छोटी जागा टिपणं परवडतं.

डेप्थ (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहतं ते) वाढवायला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/16 पर्यंत बंद करायचा मोह होतो. तिथे हिरव्या प्रकाशाचा एक ठिपका सुमारे 21 मायक्रॉनचा, म्हणजे सहा पिक्सेल पसरतो आणि कडा मऊ पडतात. एफ/5.6 ते एफ/8 वर थांबा, कमी पडलेला उजेड लाइटने भरून काढा. कडांच्या मापाला मागून बॅकलाइट, ओरखड्याला तिरका लाइट, चकचकीत गोलाईला सगळीकडून मऊ उजेड देणारा डोम लाइट. कन्व्हेयर सेकंदाला 500 मिमी पळत असेल, तर 1 मिलिसेकंदाच्या एक्सपोजरमध्ये चित्र 0.5 मिमी फासतं. ते एका पिक्सेलपर्यंत आणायला 80 मायक्रोसेकंदाचं एक्सपोजर आणि स्ट्रोब (क्षणभर जोरात चमकणारा लाइट) लागतोच.

लाइन सुरू झाल्यावर बिघडतात त्या साध्या गोष्टी. कंपनाने फोकस रिंग फिरते, तेव्हा लॉकिंग स्क्रू आवळून त्यावर मार्करने खूण करा. कूलंटची वाफ काचेवर बसते. सी आणि सीएस हे लेन्स बसवायच्या जोडणीचे (माउंटचे) दोन प्रकार; सीएस-माउंट कॅमेऱ्यावर सी-माउंट लेन्स 5 मिमीच्या रिंगशिवाय लावली, तर फोकस येतच नाही आणि दोष उगाच कॅमेऱ्यावर जातो. दर शिफ्टला एक ओके आणि एक रिजेक्ट मास्टर पीस (आधीच तपासून ठेवलेला नमुना) चालवून बघा. रिजेक्ट पास झाला तर लाइन थांबवा, मग सेटिंगला हात लावा.