शून्य रोध स्वतः मोजा, मग त्याचं कारण विचारा

अतिवाहकातून वीज रोधाशिवाय वाहते, हे वाक्य विद्यार्थी पाठ करून येतात. पाठांतरावर भागवायचं नाही, असं मी प्रयोगशाळेत पहिल्याच तासाला सांगते. आधी शून्य मोजा.

इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची छोटी पट्टी घ्या. ती साधारण 92 केल्विनला (उणे 181 अंश सेल्सिअसला) अतिवाहक होते आणि द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, म्हणून हे काम आपल्या आवाक्यात आहे. 1911 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ कॅमरलिंग ओनेस यांना पाऱ्याचा रोध नाहीसा होताना पाहायला थेट 4.2 केल्विनपर्यंत उतरावं लागलं होतं.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मल्टिमीटरच्या दोन पिना पट्टीला लावल्या आणि पट्टी नायट्रोजनमध्ये बुडवली. आकडा अर्ध्या ओहमच्या आसपास अडून बसला. पट्टीच खराब आहे असं समजून मी ती बाजूला ठेवून दिली. पट्टी उत्तम होती. मी मोजत होते तो रोध तारांचा आणि जोडांचा होता.

म्हणून चार तारा लावा, चांदीच्या पेस्टने, आणि पेस्ट पूर्ण वाळू द्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजा. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे आतल्या तारांचा रोध आकड्यात मिसळत नाही. मीटर मायक्रोव्होल्ट दाखवणारा हवा. प्रवाह 50 ते 100 मिलिअँपिअर पुरतो.

आणखी एक फसगत आहे. तारेचं एक टोक थंडीत आणि दुसरं खोलीत असलं की प्रवाह नसतानाही काही मायक्रोव्होल्ट दिसतात. म्हणून प्रत्येक वाचन घेतल्यावर प्रवाहाची दिशा उलटी करा, पुन्हा वाचा आणि दोन्हींच्या फरकाचं अर्ध घ्या.

पट्टी आणि प्लॅटिनमचा तापमापक तांब्याच्या एकाच ठोकळ्यावर बसवा आणि ठोकळा द्रवाच्या वरच्या थंड वाफेतून हळूहळू खाली सोडा. घाई केलीत तर तापमापक एक तापमान सांगेल आणि पट्टी दुसऱ्याच तापमानाला असेल. सुरक्षा-चष्मा लावा, खिडक्या उघड्या ठेवा. नायट्रोजन बंद भांड्यात कधीही भरू नका. त्याचा वायू झाला की आकारमान जवळपास 700 पट होतं.

आता कारण. साध्या धातूत प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा असतो. थरथरणाऱ्या आयनांवर (इलेक्ट्रॉन सुटून गेलेल्या, धन भाराच्या अणूंवर) आणि अशुद्धींवर आपटून मिळवलेला वेग तो घालवतो, आणि तार तापते. 1957 मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांनी सांगितलं की जाणारा इलेक्ट्रॉन आसपासच्या धन आयनांना किंचित ओढतो. आयन जड, सावकाश परतणारे. तेवढ्यात तिथे उरलेला धन भार दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खेचतो. अशी जोडी जुळते.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मला ते खटकतं, कारण जोडी का आपटत नाही हे अजून सांगितलेलंच नाही. या जोड्या सुट्या नसतात. एका जोडीच्या विस्तारात इतर लाखो जोड्या मिसळलेल्या असतात आणि सगळ्या मिळून एकच क्वांटम लहर बनते. एका जोडीचा वेग काढून घ्यायचा तर ती फोडावी लागते, किंवा अख्ख्या समूहाला एकदम अडवावं लागतं. फोडायला किमान ऊर्जा लागते. जागच्या जागी उभी असलेली अशुद्धी ती देऊ शकत नाही. उष्णतेने काही जोड्या फुटतातच, पण उरलेल्या जोड्या सगळा प्रवाह वाहून नेतात. अशुद्धी कुठेही गेलेली नसते. फक्त तिला एकटा गाठता येईल असा वाहकच उरत नाही.

तांबं आणि चांदी अतिवाहक का होत नाहीत, हा प्रश्न मी हमखास विचारते. त्यांच्यात इलेक्ट्रॉन आणि आयनांची थरथर यांचं नातं दुबळं असतं. म्हणून एरवी रोध कमी, आणि म्हणूनच जोड्याही जुळत नाहीत. एरवी सुमार वाहक असलेलं शिसं मात्र 7.2 केल्विनला अतिवाहक होतं.

आपल्या पट्टीबद्दल एक खुलासा करायलाच हवा. तिच्यातही जोड्या असतात आणि सामायिक लहरही असते, पण तिथे जोड्या जुळवतं कोण, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आयनांची गोष्ट तिच्यावर जशीच्या तशी चिकटवू नका.

शून्य दिसलं म्हणून आवरायला घेऊ नका. आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तरी मीटर शून्यच दाखवतो. ठोकळा वर घ्या, सावकाश तापू द्या आणि वाचनं चालू ठेवा. उतरताना जिथे व्होल्टेज नाहीसं झालं होतं, त्याच तापमानाला ते परत आलं, तर ते शून्य पट्टीचं होतं.